लघवीची घाई आणि उमेळ्याची वाट

माघातल्या एका सकाळी साडेसहाला मी विरार पूर्वेला चंदनसारच्या आमच्या इमारतीतून सायकल बाहेर काढली. कॅरिअरला पिशवी, पिशवीत कपडे, पंक्चरचं सामान आणि बायकोने भरून दिलेली पाण्याची बाटली. कोपऱ्यावर वळलो आणि ती बाटली रस्त्याकडेच्या झाडाच्या मुळाशी रिकामी केली. पाणी पोटात गेलं तर वाटेत काय होईल याची मला भीती होती.

गावाकडच्या तुम्हा मंडळींना माझे प्रवास ठाऊक आहेत. आपल्या मंडळाच्या अंकात मी कन्याकुमारीचा लिहिला, हंपीचा लिहिला, नर्मदेच्या काठाकाठाने केलेला लिहिला. सगळे सायकलवरचे. वसईच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभा राहिलो, सुट्ट्या सायकलवर काढल्या, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण गेल्या दोन अंकांत माझं काही आलं नाही. संपादकांना मी गुडघ्यांचं कारण कळवलं होतं. गुडघे ठणठणीत होते.

खरं कारण असं, की एकसष्टाव्या वर्षी मला लघवीची घाई सुरू झाली. नुसती वारंवार नव्हे, अचानक. बसलेलो असताना एकदम कळ येई आणि दोन मिनिटंही धीर धरवत नसे. दाराचं कुलूप उघडताना, नळाचा आवाज ऐकला की, गार फरशीवर पाय पडला की. रात्रीतून तीन-चारदा उठणं. एवढ्या घाईने जावं तर धार बारीक, आणि झाल्यावरही पोटात थोडी राहिल्यासारखी वाटे. वय झालं, चालायचंच, असं मी स्वतःला सांगितलं आणि दुसऱ्या कोणाला काहीच सांगितलं नाही. आधी लांबचे प्रवास सुटले, मग नाटकं, मग लग्नकार्यं. कन्याकुमारी पाहिलेला माणूस विरार स्टेशनच्या पलीकडे जायला कचरू लागला.

हा प्रवास जेमतेम पंचवीस किलोमीटरांचा होता. वसईजवळच्या उमेळ्याला, इनासकडे. इनास हा माझा कारखान्यातला जोडीदार. उमेळ्याच्या जुन्या कॅथॉलिक घराण्यातला, स्वतःची छोटी वाडी (फळाफुलांची बाग) असलेला. वीस वर्षं आमचे लेथ शेजारी शेजारी होते. वर्षभरात त्याने तीनदा बोलावलं, तीनदा मी सबब सांगितली. या वेळी तो फोनवर म्हणाला, "सदा, पोरीचं लग्न ठरलंय, ईस्टरनंतर. आताही आला नाहीस तर पत्रिका पोस्टाने पाठवीन."

हे मला लागलं. मी येतो म्हटलं. बसमध्ये मध्येच उतरता येत नाही, सायकल कुठेही थांबते, म्हणून सायकल. आणि सरळ रस्त्याला गर्दी, म्हणून आगाशीवरून वाड्यावाड्यांतून जाणारा लांबचा रस्ता.

विरारचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरलो आणि अर्ध्या तासात हवा बदलली. पूर्वेला राहणाऱ्या आमच्यासारख्यांना वाटतं की वसई-विरार म्हणजे इमारती आणि पाण्याचे टँकर. आगाशीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना केळी, नारळ, अबोलीची रोपं, विहिरीवरचे पंप. बायका डोक्यावर भाजीच्या पाट्या घेऊन बसथांब्याकडे निघालेल्या. मी पस्तीस वर्षांपूर्वी कोकणातून इथे आलो तो पोटासाठी, पण त्या सकाळी वाटलं, हा तालुका आता माझाही आहे, आणि कोणालाही अभिमानाने दाखवावा असा आहे. केळीच्या एका बागेआड एकदा थांबून घेतलं आणि खुशीत पुढे निघालो.

आगाशीच्या बाजारात ती खुशी संपली. देवळाकडून येणाऱ्या रस्त्यावर एक ओटीवजा दुकान होतं. तिथे सुकेळी (राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, पानात बांधलेली) मांडली होती. इनासच्या घरी न्यावीत म्हणून सायकल लावली. शेजारी कोणीतरी नळाखाली बादली धरली. पाण्याचा तो आवाज कानावर पडला आणि कळ आली. मी सायकलचं हँडल घट्ट धरून उभा राहिलो. हलता येईना.

ओटीवर पासष्टीच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "मोरी मागे आहे. उजवीकडून जा."

मी गेलो, पण पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. मोरीत उभा राहून ओल्या पँटकडे पाहताना मला जे वाटलं ते लिहायला हा अंक पुरायचा नाही. नोकरीत एकदा बोट मशीनमध्ये गेलं होतं, तेव्हाही डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. दार किलकिलं केलं तर बाहेरच्या दगडावर पंचा आणि घडी केलेला लेंगा ठेवलेला.

लेंगा घालून बाहेर आलो तेव्हा बाईंनी मला ओटीवर बसवलं. त्यांचं नाव सुलोचनाताई.

"किती दिवस होतंय हे?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"भाऊ, मी तीस वर्षं मुंबईच्या सरकारी इस्पितळात सिस्टर होते. त्यातली वीस पुरुषांच्या वॉर्डात. माझ्यापुढे लाजण्यात वेळ घालवू नका. किती दिवस?"

"सव्वा वर्ष."

"आणि डॉक्टरला दाखवलं नाही."

मी मान हलवली.

"पाणी पिणं कमी केलंत ना? सगळे पुरुष तेच करतात. त्याने लघवी घट्ट होते, पिशवीला झोंबते आणि घाई आणखी वाढते. चहा किती?"

"पाच-सहा कप."

"पाणी सोडलं आणि चहा ठेवला," त्या म्हणाल्या, आणि मग एकेक विचारत गेल्या. जळजळ होते का. ताप येतो का. साखर कधी तपासली. कुठल्या गोळ्या चालू आहेत का. शेवटी म्हणाल्या, "लघवीत रक्त?"

"नाही."

"एकदाही नाही? नुसती गुलाबी झाली असंही नाही?"

"नाही."

"मग आज घाबरू नका, पण याच आठवड्यात दाखवा. रक्त एकदा जरी दिसलं असतं, अगदी न दुखता, तरी मी तुम्हाला पुढे जाऊ दिलं नसतं. ते आपोआप थांबतं आणि माणूस समजतो बरं झालं. तसं समजलेले मी वॉर्डात फार बघितले." मग बोटाने ओटीला टेकत त्या म्हणाल्या, "आणि कधी लघवी अडलीच, पोट तटतटलं, किंवा थंडी वाजून ताप भरला, किंवा पाय लुळे पडल्यासारखे झाले, तर आठवड्याची वाट बघायची नाही. त्याच पावली इस्पितळ."

मी हो म्हटलं. त्यांनी मला पेलाभर पाणी समोर बसून प्यायला लावलं, ओली पँट पिशवीत बांधून दिली. निघताना मी म्हटलं, "ताई, तुमचे उपकार."

"उपकार कसले. आमच्या आळीतून मुंबईला नोकरीला गेलेली मी पहिली बाई. लोक तेव्हा नावं ठेवायचे, पुरुषांच्या वॉर्डात काम करते म्हणून. आता आळीतले सगळे पुरुष आधी मला येऊन विचारतात." हे सांगताना त्यांची मान ताठ झाली होती, आणि ती तशी व्हायलाच हवी होती.

आगाशीहून नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव असा रस्ता. वळणावळणावर पांढरे क्रूस, त्यांच्या पायाशी ताज्या फुलांच्या माळा. निर्मळच्या तळ्याकाठी थांबून दोन सुकेळी खाल्ली. गोड, चिवट, उन्हाचा वास असलेली. वाड्यांमधून बावखलं दिसत होती (पावसाचं पाणी जिरवण्यासाठी पूर्वजांनी खणून ठेवलेली तळी). समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही या गावांच्या विहिरींना गोडं पाणी आहे ते या तळ्यांच्या जिवावर. हे मला एका वाडीवाल्याने सांगितलं. त्याला मी थेट विचारलं होतं, "लघवीला जाऊ का मागे?" तो म्हणाला, "जा की." इतकं सोपं होतं. मी उगाच वर्षभर झाडांच्या आडोशांचा हिशेब करत होतो.

उमेळ्याला दहाला पोहोचायचं ते एक वाजता पोहोचलो. गेल्या खेपेला इनासच्या घरासमोर केळीची बाग होती, आता तिथे सात मजली इमारतीचा सांगाडा आहे. त्याची स्वतःची वाडी मात्र जागच्या जागी. दारात इनास उभा होता. मला मिठी मारली, मग माझ्या पायांकडे पाहिलं. लेंगा मला वीतभर आखूड होता.

"हा कोणाचा?"

"चेनचं तेल लागलं पँटला," मी म्हटलं.

आतून फिलोमिना वहिनी आल्या, त्यामुळे तो पुढे काही बोलला नाही. जेवायला तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि माझ्यासाठी मुद्दाम केलेले फुगे (मैद्याचे तळलेले, आतून पोकळ गोळे, इथल्या ख्रिस्ती घरांत लग्नसराईत हटकून होतात). वहिनी म्हणाल्या, "लग्नाआधी हात बसवून बघतेय." मी सहा खाल्ले.

ऊन कलल्यावर इनास मला मिठागरांकडे घेऊन गेला. उमेळ्याच्या खाडीकडच्या अंगाला पांढऱ्या ढिगांची रांग दिसते. वाफ्यांतलं पाणी आरशासारखं. एका बांधावर मीठ ओढणारा म्हातारा बसला होता. त्याने मडक्याकडे हात केला, "पानी घ्या पावनं." सुलोचनाताईंची आठवण होऊन मी मोठा पेला भरून प्यायलो. दहा मिनिटांनी अर्थातच बांधाच्या खाली पळावं लागलं. परत आलो तर इनास हसत होता.

"म्हातारा झालास सदा."

मी त्याच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. सव्वा वर्ष, तीन सबबी, आगाशीची मोरी, लेंगा. बोलायला सुरुवात करणं तेवढं कठीण गेलं. वाटलं होतं तो पुन्हा हसेल. तो हसला नाही.

"त्या सिस्टर रक्ताचं काय म्हणाल्या?" त्याने विचारलं.

मी सांगितलं.

"मला दोनदा लाल झाली," इनास म्हणाला. "नाताळाआधी एकदा. आणि मागच्या पंधरवड्यात."

"दुखलं?"

"दुखलं असतं तर गेलो असतो ना. काहीच दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी साफ."

"वहिनींना सांगितलंस?"

"पोरीचं लग्न आहे सदा. मांडवाच्या वेळी घरात इस्पितळ नको. लग्न होऊन जाऊ दे, मग बघू."

मी म्हटलं, लग्नाला अजून दोन महिने आहेत, आणि वाट बघण्याचीच गोष्ट नाही असं ताईंनी सांगितलंय. तो म्हणाला, "ती काय डॉक्टर आहे?" मी म्हटलं, "तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त आहे." कारखान्यात इनास दिवसाला बिडीचं एक बंडल संपवायचा, तेही मी बोलून दाखवलं. तो उठला. "तू तुझं बघ," एवढं म्हणून बांधावरून पुढे चालू लागला. घरी येईपर्यंत आम्ही बोललो नाही. जेवतानाही नाही. वहिनी दोघांकडे आळीपाळीने पाहत होत्या. एकदा वाटलं त्यांना सांगून टाकावं. पण त्याचं गुपित फोडण्याचा अधिकार मला नव्हता.

सकाळी अंगणात आलो तर इनास माझ्या सायकलच्या चेनला तेल घालत होता.

"तुला डॉक्टरला दाखवायचंय ना?" वर न पाहता तो म्हणाला. "वसई रोडला मूत्रविकाराचे एक डॉक्टर आहेत म्हणे. मी सोबत येतो. फक्त सोबत."

दवाखान्यात नाव पुकारलं तेव्हा कळलं की डॉक्टर बाई आहेत. वय असेल पस्तीस. इनास माझ्या कानाशी पुटपुटला, "अरे, ही तर नाळे गावातल्या आमच्या ओळखीच्यांची नात." मी आत गेलो. आदल्या दिवशी दोनदा सांगून झालं होतं, त्यामुळे तिसऱ्यांदा सांगताना अडखळलो नाही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, पोट तपासलं, आणि मग गुदद्वारातून बोटाने करायची ती तपासणी केली. त्या तपासणीच्या भीतीने मी सव्वा वर्ष घालवलं होतं. ती अर्ध्या मिनिटात झाली. लघवी आणि रक्त दिलं, लघवीच्या आधी आणि नंतर अशी दोनदा सोनोग्राफी झाली.

"तुमची प्रोस्टेट वाढलीय, काका," त्यांनी सांगितलं (ही पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी, उतारवयात बहुतेकांची वाढते). "वाट अरुंद झाली की मूत्राशय चिडचिडं होतं, म्हणून ही घाई. प्रत्येकाचं कारण हेच असतं असं नाही. कोणाची साखर वाढलेली असते, कोणाला जंतुसंसर्ग असतो, म्हणून तपासल्याशिवाय ठरवायचं नसतं. तुमचे रक्ताचे रिपोर्ट उद्या बघू. तोवर या गोळ्या रात्री घ्या. उठताना जरा सावकाश उठा, चक्कर येऊ शकते. आणि तीन दिवस वहीत लिहा, कधी किती प्यायलात, कधी किती झाली."

"सायकल?"

"चालवा. पाणी पीत चालवा."

मी बाहेर आलो. इनास बाकावर मांडीवर टोपी ठेवून बसला होता.

"झालं?"

"झालं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बरं होईल. औषध आहे."

तो थोडा वेळ टोपी फिरवत राहिला. मग तो उठला, दारापर्यंत गेला, पुन्हा थांबला, आणि त्याने स्वतःच दार वाजवलं. आतून आवाज आला, "या काका, बसा." मग दार बंद व्हायच्या आत डॉक्टर त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलल्या आणि इनासने त्याच बोलीत उत्तर दिलं. मला त्यातलं अर्धंच कळलं, पण आवाजावरून एवढं समजलं की तो सांगतोय, सगळं सांगतोय. प्रवासात मी मोठमोठी देवळं पाहिलीत, उंच घाट चढलोय. त्या बाकावर बसून माझी छाती जेवढी भरून आली तेवढी तिथे कुठेच आली नव्हती.

सोनोग्राफीत मूत्राशयाच्या आत बोराएवढी गाठ दिसली. दुर्बिणीतून तपासून काढावी लागेल, आणि पुढच्याच आठवड्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुपारी इनासने फिलोमिना वहिनींना समोर बसवून सांगितलं. वहिनी आधी रडल्या, मग रागावल्या. "दोन महिने माझ्या शेजारी बसून जेवत होतास आणि बोलला नाहीस," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मुलगी म्हणाली, लग्न पुढे ढकलू. इनास म्हणाला, "तारीख तीच राहील. मी आहे तिथे."

चौथ्या दिवशी मी परत निघालो. माझे रिपोर्ट ठीक आले होते. साखर सीमेवर होती तेवढीच. गोळ्यांनी जादू केली असं नाही. वाटेत चारदा थांबलो, चारही वेळा ओळख ना देख अशा माणसांना सरळ विचारलं, कोणी नाही म्हटलं नाही. आगाशीला वहिनींनी धुऊन दिलेला लेंगा परत केला. सुलोचनाताईंनी माझ्याआधी इनासचंच ऐकून घेतलं आणि गाठ केव्हा काढणार ते विचारलं. "पुढच्या आठवड्यात" म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि सुकेळ्यांचा एक पुडा त्याच्यासाठी बांधून दिला.

चंदनसारला पोहोचलो तेव्हा बायको भाजी निवडत होती. गोळ्यांची पाकिटं तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "चादरी मीच धुते ना. तुमच्या तोंडून यायची वाट बघत होते." मग भाजीवरचा हात न थांबवता म्हणाली, "फार उशीर केलात."

इनासची गाठ टाके न घालता, आतूनच दुर्बिणीने काढली. तपासणीत कर्करोग निघाला, पण वरवरचा होता, खोल शिरलेला नव्हता. काही आठवडे मूत्राशयात औषध सोडत होते, आता दर तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात. बिडी सुटली. ईस्टरनंतर ठरल्या दिवशी उमेळ्यात लग्न झालं आणि आपल्या पोरीचा हात धरून इनास चर्चमध्ये चालत गेला. मी दुसऱ्या रांगेत होतो. मधे एकदा उठून गेलो, परत येऊन बसलो, कोणाचं काही अडलं नाही.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी त्याला फोन केला. म्हटलं, माझं मी उघडं लिहिणार आहे, तुझं नाव बदलू का?

"का बदलायचं?" तो म्हणाला.

"उमेळ्यापर्यंत अंक जातो रे. लोक बोलतील."

"मग बोलू दे. चर्चच्या बाहेर तीन जणांनी मला बाजूला घेऊन विचारलंय. एकाला मी स्वतः सोबत घेऊन गेलो." मग त्याने नीट, सावकाश सांगितलं, कारखान्यात लेथवरच्या जॉबचं माप सांगायचा तसं. "लिही. इनास, उमेळे. दोनदा लाल झाली होती, दुखत नव्हतं, तरी गेला."